नाशिकच्या गावठाणातलं 'बुटीक' हॉटेल: आधी खोली ठरवा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून चौघं येणार: तुम्ही, तुमचे मिस्टर, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार धरून दोन रात्री, निमित्त लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाचं. नाशिकच्या जुन्या गावात एका वाड्यात थाटलेलं छोटं, देखणं बुटीक हॉटेल फोटोत बघून आवडलंय. वरच्या मजल्यावरचा 'हेरिटेज स्वीट' रात्रीला आठ हजार, साधी खोली साडेचार हजार. स्वीटमध्ये जादा गादी टाकली की चौघं आरामात मावतील, असं हॉटेलवाले म्हणतात. पैसे वसूल होतील का, की सरळ हायवेवरचं मोठं हॉटेल घ्यावं?

हॉटेल घ्या. स्वीट घेऊ नका. शक्य असेल तर वारही बदला.

हे सांगणारी मी हाऊसकीपिंगमधली. आधी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात सतरा वर्षं आणि आता बारा वर्षं नाशिकच्या लहान हॉटेलांच्या खोल्या लावून देण्याचं, मुली-मुलं तयार करण्याचं काम करते. फ्रंट ऑफिसला पाहुणा येताना दिसतो, आम्हाला तो गेल्यावर दिसतो. उशी कुठे सरकवली, कुठल्या खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं, टेबलावरचा दिवा कॉटजवळ का ओढला, हे बघून खोलीत काय चुकलंय ते कळतं. त्यामुळे माझं मत जरा खालच्या अंगाने येतं, पण कामाचं असतं.

आधी 'बुटीक' या शब्दाचा दरारा काढून टाका. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान दुकान. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली मॉर्गन्स नावाचं हॉटेल सुरू झालं. मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आपलं म्हणजे बुटीक, अशी तुलना त्याचे एक मालक स्टीव्ह रुबेल यांनी केली आणि शब्द चिकटला. त्याआधी 1978 मध्ये लंडनला ब्लेक्स नावाचं असंच एक हॉटेल निघालं होतं. कल्पना चांगलीच होती. खोल्या कमी, प्रत्येक खोली वेगळी, आणि मालकाची आवडनिवड भिंतीवर दिसते. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाचं तारांकित वर्गीकरण आहे, हेरिटेज हॉटेलांचंही आहे (त्यासाठी इमारत 1950 पूर्वीची असावी लागते), पण 'बुटीक' हा त्यातला दर्जा नाही. दहा खोल्या आणि एक पितळी घंगाळ असलं की कोणीही पाटी लावू शकतो, आणि लावतातही.

त्या व्याख्येतला 'प्रत्येक खोली वेगळी' हा भाग मात्र मनावर घ्या. मोठ्या हॉटेलात 304 आणि 504 मध्ये फरक फक्त उंचीचा. वाड्यात तसं नसतं. एक खोली जुन्या माजघराची, एक माडीवरची, एक चक्क पूर्वीच्या धान्याच्या कोठीची असते. तिला खिडकी नंतर फोडलेली असते आणि ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. वेबसाइटवर सगळ्यांत देखण्या खोलीचा फोटो, हाती चावी मात्र दुसरीचीच. म्हणून हॉटेल चांगलं आहे का, असं कोणाला विचारू नका. सहा नंबरची खोली कशी आहे, असं विचारा.

आता 'मध्यवर्ती' म्हणजे कुठे? नाशिकला याची तीन उत्तरं आहेत. नाशिककर 'गावात जाऊन येतो' म्हणतो तेव्हा त्याला मेनरोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार हा भाग म्हणायचा असतो. नोकरदार माणसाचा मध्य म्हणजे सीबीएस (मध्यवर्ती बस स्टँड), शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर. आणि बुकिंगच्या अ‍ॅपवर 'सिटी सेंटरजवळ' लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलबद्दल असतं! तिथून रामकुंड पायी गाठायचा म्हणजे सासूबाईंचा दिवस संपला. तुम्ही पाठवलेल्या पत्त्यात सराफ बाजाराचा उल्लेख आहे, म्हणजे खरंच गावात आहे. सरकारवाडा जवळ आणि गंगाही पायी अंतरावर. (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. रिक्षावाल्याला 'गंगेवर' सांगितलं की तो रामकुंडावर सोडतो.) रेल्वेने येणार असाल तर नाशिकरोड स्टेशन इथून नऊ-दहा किलोमीटर आहे, ते हिशेबात धरा.

गावात राहण्याची मजा मी नाकारत नाही. सकाळी सहाला उठून, गाडी न काढता, चपला घालून घाटावर जाता येणं ही चैन हायवेवरच्या हॉटेलात कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. साडेसात-आठपर्यंत काळाराम मंदिर करून परत. पूर्व दरवाजाशी मुलीला घेऊन दोन मिनिटं थांबा. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो या मंदिरासाठी. नऊ वर्षांच्या पोरीला दर्शनापेक्षा हे जास्त लक्षात राहील, असं मला वाटतं. परत येईपर्यंत बाजार जागा होत असतो, आणि तुम्ही आंघोळीला खोलीवर पोचलेल्या असता. दिवस तिथेच जिंकला.

पण ऑगस्ट. गंगापूर धरण भरलं की पाणी सोडतात आणि गंगा चढते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, हे आमचं पूर मोजायचं माप. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले, 2008 ला सप्टेंबरात. सराफ बाजाराचा खालचा भाग सखल आहे. तिथे नदी यायच्या आधी नुसत्या जोराच्या पावसानेच पाणी तुंबतं. हॉटेलच्या गल्लीत पाणी येतं का, हा प्रश्न फोनवर विचारायला लाजू नका. गावातली माणसं त्याचं खरं उत्तर देतात, कारण त्यांच्या लेखी ती रोजची गोष्ट आहे. मालकाला विचारू नका, फोन उचलणाऱ्या पोराला विचारा. आणि गाडी कोणी 'घाटावर लावा, मोकळी जागा आहे' म्हणालं तर पावसाळ्यात ऐकायचं नाही. या गल्ल्यांत मोटार हॉटेलच्या दारापर्यंत जाईलच असं नाही. सामान उचलायला माणूस पाठवतात का आणि गाडी रात्रभर कुठे राहणार, हे आधी ठरवून घ्या. सिंहस्थ कुंभमेळा 2026 ते 2028 असा असल्याने रस्त्यांची कामंही मध्येच निघतात. कालपर्यंत चालू असलेली गल्ली आज खणलेली असू शकते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी एक फोन कराच.

आता खोलीकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं आयुष्य यातच गेलं.

स्वीटचे फोटो मी बघितले. सागवानी खांब, कडीपाटाचं छत, खाली पॉलिश केलेली फरशी, मधोमध चौथऱ्यावर गादी. सुंदर आहे, कबूल. पण दुसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात बघा: बाथरूमला काचेची भिंत आहे. नवराबायको दोघंच असतील तर ते थाटाचं वाटतं. सासूबाई आणि मुलगी त्याच खोलीत असताना पहिल्याच सकाळी सगळ्यांची पंचाईत होते. असल्या काचेवर पाहुण्यांनी चादर अडकवलेली मी इतक्यांदा काढली आहे की आता मालकांना काच लावायच्या आधीच सांगते, आतून पडदा द्या. काहींना पटतं, काही म्हणतात 'लुक जातो'.

दुसरं, चौथरा. गादीच्या बाहेर सहा-सात इंच लाकूड येतं आणि अंधारात नडगी नेमकी तिथेच आपटते. तिसरं, दिवे. अशा खोल्यांत पिवळे, मंद, भिंतीआड लपवलेले दिवे असतात, फोटोला छान. सासूबाईंना झोपायच्या आधी पोथी वाचायची सवय असेल तर त्या बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून वाचतील. मी हे पाहिलंय. चौथरा आणि दिवे यांतून मार्ग काढता येतो, पण चौथी गोष्ट अवघड आहे, जिना. वाड्याचा जिना अरुंद, उभा, पायऱ्या उंच, आणि वर जाताना डोकं सांभाळायचं. जिथे लिफ्ट बसवली आहे तिथेही ती बहुधा माडीपर्यंत जाते, वरच्या अर्ध्या मजल्याला चार-सहा पायऱ्या राहतातच. तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल काही लिहिलं नाहीये. नसेल दुखत तर उत्तम, पण दिवसात तीनदा तो जिना चढायचा आहे, हे त्यांना सांगूनच ठरवा.

मग आवाज. जुन्या वाड्याच्या दगडी भिंती बाहेरचा आवाज चांगला अडवतात, दोन-दोन फूट जाड असतात. दगा देतात ती वरची फळ्यांची पाटई आणि नवीन पार्टिशन. वरच्या खोलीत कोणी चाललं की खाली फळ्या कुरकुरतात. एका मोठ्या खोलीच्या दोन केलेल्या असतील तर मधली भिंत बहुतेक जिप्सम बोर्डाची, शेजारच्यांचं घोरणंही ऐकू येतं. बोटाने टकटक करून बघा, पोकळ वाजलं तर समजा. रस्त्याकडच्या खोलीला पहाटेची तयारी हवी. सराफ बाजारालगत फुलांचा बाजार भल्या पहाटे जागा होतो, मग देवळातल्या घंटा, मग शटर. कोणाला हे हवंच असतं, आणि त्यासाठीच गावात राहायचं असतं. झोपमोड चालत नसेल तर वाड्याच्या आतल्या चौकाकडे उघडणारी खोली मागा. पण चौकात हॉटेलने कॅफे काढला असेल तर रात्री अकरापर्यंत तिथे गप्पा रंगतात, म्हणजे पहाटेऐवजी रात्र गेली.

माझी एक चूक सांगते. पहिल्यांदा नाशिकच्या एका लहान हॉटेलात काम घेतलं तेव्हा तिथली तीन नंबरची खोली माझी लाडकी होती. पडदे मी निवडलेले, येवल्याच्या पैठणीच्या काठाच्या उशा, सगळं मनासारखं. ती स्वयंपाकघराच्या बरोबर वर होती. पहाटे पाच वाजता खाली चटणीचा मिक्सर सुरू झाला की कॉटचे पाय थरथरत. मला हे माहीत होतं, आणि तरी एका ज्येष्ठ जोडप्याला ती खोली मी हौसेने दिली, कारण ती 'सगळ्यांत छान' होती. दुसऱ्या दिवशी आजोबा काही बोलले नाहीत, फक्त दुसरी रात्र रद्द करून गेले. कॉटवरच्या दोन्ही उशा पायाकडच्या बाजूला होत्या. बिचारे उलटे झोपून बघत होते. तेव्हापासून खोली पाहुण्याला देण्यापूर्वी एक रात्र मी स्वतः त्यात झोपते.

म्हणून तुम्ही फोन करा, अ‍ॅपवरून निरोप पाठवू नका. दुपारी तीन-चारच्या सुमाराला करा, तेव्हा चेक-आउटची धावपळ संपलेली असते. विचारा: खोलीच्या वर काय आहे, खाली काय आहे, खिडकी कशावर उघडते, बाथरूमला भिंत आहे की काच, किती पायऱ्या चढायच्या, गरम पाणी सोलरचं की गिझरचं. हा शेवटचा प्रश्न ऑगस्टसाठी मुद्दाम आहे. तीन दिवस ऊन नसेल तर गच्चीवरच्या सोलरला बॅकअप लागतो, आणि तो नसेल तर बादलीभर कोमट पाण्यावर वाढदिवस साजरा होतो. फोनवरचा माणूस 'सगळं आहे मॅडम' म्हणाला तर पुन्हा विचारा. 'थांबा, बघून सांगतो' म्हणाला तर ते हॉटेल चांगलं. माझा अनुभव आहे हा.

आता पैसे, आणि इथेच तुमचा निर्णय होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. म्हणजे आठ हजारांचा स्वीट तुम्हाला 9,440 ला पडतो. साडेसात हजारांचा असता तर 7,875 ला पडला असता. मधल्या पाचशे रुपयांसाठी तुम्ही 1,565 मोजताय. साध्या दोन खोल्या घेतल्यात तर साडेचार दुणे नऊ हजार, वर 5 टक्के, एकूण 9,450. स्वीटपेक्षा दहा रुपये जास्त! दहा रुपयांत तुम्हाला दुसरं बाथरूम मिळतं, दुसरी कॉट मिळते, सासूबाई आणि नातीची खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली होते आणि वाढदिवस ज्यांचा आहे त्या दोघांना दार लावून घेता येतं. शिवाय स्वीटमधल्या जादा गादीचे पैसे वेगळे लागणार होते ते वाचले. जादा गादी म्हणजे बहुतेक हॉटेलांत तीन इंची फोम असतो, सतरंजीचा थोरला भाऊ.

खाण्याच्या बिलाचंही एक आहे. मागच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलात एखादी खोली साडेसात हजारांच्या वर गेली, त्याच्या रेस्टॉरंटलाही 5 ऐवजी 18 टक्के लागतात. तुमच्या हॉटेलात आठ हजारांचा स्वीट आहे, म्हणजे तिथला चहाही बहुधा 18 टक्क्यांत येतो. बिलावर 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. 2022 च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना तशा आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. टीप मात्र द्या, हाताने द्या, आणि खोली झाडणाऱ्या मुलीला द्या. काउंटरवर ठेवलेली टीप तिच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते.

अ‍ॅपवरचा दर बघून थेट हॉटेलला फोन करा आणि तोच दर मागा. अ‍ॅपला साधारण पंधरा ते पंचवीस टक्के कमिशन जातं. थेट घेतलंत तर लहान हॉटेलवाला दर नाही कमी केला तरी दुपारी बाराऐवजी दोनपर्यंत खोली ठेवू देतो, एखादा नाश्ता लावतो. आणि वाराबद्दल: शुक्रवार-शनिवारी मुंबईची माणसं द्राक्षबागा आणि वाइनरींसाठी इकडे येतात, दर चढतात. श्रावणात त्र्यंबकेश्वरला सोमवारी पाय ठेवायला जागा नसते, रविवार रात्रीपासूनच रस्ता भरतो. त्र्यंबक गावातून तीस किलोमीटरच्या आतच आहे, पण त्या गर्दीत अंतराला अर्थ राहत नाही. बुधवार-गुरुवार जमवा. बुधवारी गंगेवर आठवड्याचा बाजार भरतो. चिखलात पाय भरतील, पण मुलीला मजा येईल.

पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी पाच मिनिटं काढा. एसी बंद असताना खोलीचा वास घ्या. चालू एसी वास झाकतो. उशीला नाक लावा. चांगल्या हॉटेलात प्रत्येक कॉटमागे चादरींचे तीन संच असतात: एक अंगावर, एक धुलाईला, एक कपाटात. लहान हॉटेलवाले दोनावर भागवतात आणि ऑगस्टमध्ये अर्धवट वाळलेली चादर इस्त्री करून घालतात. तो ओलसर वास ओळखू येतो. बदलून मागा, भांडू नका. मग किटली उघडा. आत पांढरा खार चढला असेल तर पाणी बोअरचं किंवा टँकरचं आहे, चहाला बाटलीचं पाणी वापरा. शेवटी ते पितळी घंगाळ किंवा समई जे काही शोभेला ठेवलं असेल, त्याचा मागचा भाग बघा. पुढून सगळेच घासतात. भांडी बाजाराच्या गावात मागून काळं पडलेलं पितळ दिसलं, की कॉटखालचंही एकदा बघून घ्यावं.

नाश्ता एकाच दिवसाचा घ्या. दुसऱ्या दिवशी बाहेर मिसळ खा. काळ्या रश्श्याची असेल तर मुलीसाठी दही जास्त मागा. सासूबाईंचा उपास असेल तर मेनरोडकडे साबुदाणा वडा मिळतो, तो हॉटेलच्या कुठल्याही 'फराळी प्लॅटर'पेक्षा चांगला. जाताना कोंडाजीचा चिवडा, हे सांगायला नको.

हायवेवरचं मोठं हॉटेल मी कधी घ्या म्हणेन? सासूबाईंना जिना अजिबात जमत नसेल तर. मुलीला पोहण्याचा तलाव हवाच असेल तर, कारण नऊ वर्षांच्या मुलीच्या लेखी कडीपाटाच्या छताला फारशी किंमत नसते. किंवा तुमचा बेत खरं तर त्र्यंबक, गंगापूरकडच्या वाइनरी आणि वणीचा गड असा गावाबाहेरचाच असेल तर. मग गावात राहिलात तर रोज सकाळी गल्लीतून गाडी काढण्यातच वेळ जाईल. हायवेवरच्या हॉटेलात वीज गेली तर जनरेटर सगळ्या खोल्या उचलतो, लिफ्ट मोठी असते, आणि एका मुलीला पाळीत चौदा-पंधरा खोल्या लावायच्या असल्या तरी तिच्या हाताखाली पद्धत असते. लहान हॉटेलात सगळं एकदोन माणसांवर चालतं. ती माणसं चांगली असली की घरासारखं वाटतं, आणि त्यातलं एक रजेवर गेलं की नऊला मागितलेला चहा दहाला येतो.

फोन कराल तेव्हा दोन्ही खोल्या एकमेकींना लागून मागू नका. एक खालची, चौकाकडची, सासूबाई आणि मुलीसाठी. एक माडीवरची, रस्त्याकडची, तुमची. पहाटेच्या फुलबाजाराने जाग आली तर खिडकीत उभ्या राहून बघा. आणि वाढदिवस आहे हे आधी सांगू नका, नाहीतर कॉटवर टॉवेलचे हंस करून वर गुलाबाच्या पाकळ्या पसरून ठेवतात. त्या पाकळ्यांचे डाग चादरीवरून निघत नाहीत.